काम मागितलं, मिळालं नाही: बेरोजगार भत्ता अडतो कुठे?

गेल्या काही बैठकांमध्ये वेगवेगळ्या गटांतून एकच प्रश्न आला. "ताई, रोजगार हमीचं काम मागून दोन महिने झाले. काम नाही, भत्ता नाही. तो भत्ता खरंच असतो का?"

असतो. २००५ च्या महात्मा गांधी रोजगार हमी कायद्यात तो स्पष्ट लिहिलेला आहे. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत ते मिळालं नाही, तर बेरोजगार भत्ता द्यावाच लागतो. आपल्या राज्यात हा विचार त्याच्याही आधीचा. महाराष्ट्राचा रोजगार हमीचा कायदा १९७७ चा. तेव्हा भत्ता होता दिवसाला निदान एक रुपया! आता मजुरीच्या प्रमाणात आहे. आर्थिक वर्षातल्या पहिल्या तीस दिवसांसाठी मजुरीच्या निदान पाव हिस्सा, त्यापुढे निदान निम्मा.

मग मिळत का नाही? एक कारण मला दिसतं ते सांगते. मजुरीचा पैसा केंद्राकडून येतो, पण बेरोजगार भत्ता राज्याला स्वतःच्या खिशातून द्यावा लागतो. वर, भत्ता दिला म्हणजे काम देता आलं नाही हे कागदावर कबूल केल्यासारखं होतं. म्हणून "काम मागितलंच नव्हतं" असं दिसणं सगळ्यांनाच सोयीचं. भत्त्याचे बहुतेक दावे तिथेच, पहिल्या पायरीवर अडतात.

एका गावात अकरा बायांनी १० जानेवारीला कामाची मागणी दिली. संगणकावर मागणी दिसली ती २ फेब्रुवारीची. म्हणजे मधले तेवीस दिवस कागदावर गेलेच नाहीत, आणि पंधरा दिवसांची मोजणी फेब्रुवारीपासून सुरू झाली. अकरांपैकी चौघींकडे सही-शिक्का आणि तारीख असलेली पोच होती. त्यांची तारीख दुरुस्त झाली. बाकी सात जणींनी अर्ज हातात दिला, "बघतो" ऐकलं आणि घरी आल्या. त्यांना नव्याने अर्ज करावा लागला. काम सगळ्यांनी एकाच दिवशी मागितलं होतं, बरं का.

म्हणून पोच घेतल्याशिवाय पंचायतीतून उठायचं नाही. मागणीचा अर्ज म्हणजे नमुना ४. तो घेणं आणि तारखेची पोच देणं ग्रामपंचायतीला बंधनकारक आहे. ग्रामरोजगार सेवक भेटत नाही, पंचायतीला कुलूप आहे, असं असेल तर अर्ज थेट तालुक्याला कार्यक्रम अधिकाऱ्यांकडे देता येतो. आपल्याकडे ते काम तहसीलदारांकडे असतं. सगळ्यांनी मिळून एकच सामूहिक अर्ज केला तरी चालतो. आणखी एक गोष्ट फार कमी जणींना माहीत आहे: मागणीचे अर्ज घेऊन पोच देण्याचं काम पंचायतीने अंगणवाडीताई, वॉर्डाचे सदस्य, शाळेचे शिक्षक आणि बचत गट यांच्याकडेही सोपवावं, अशी तरतूद कायद्याच्या अनुसूचीत आहे. ग्रामसभेत हे मागा. आपल्या गटाच्या अध्यक्ष-सचिवांना रजिस्टर ठेवायची सवय आहेच.

दुसरी गोष्ट अर्जातल्या तारखांची. "काम द्यावे ही विनंती" एवढंच लिहू नका. कधीपासून कधीपर्यंत हवं ते लिहा, कारण मागितलेली मुदत संपली की भत्त्याची जबाबदारीही संपू शकते. मागणी निदान सलग चौदा दिवसांची असावी. ५ जानेवारीला अर्ज दिला आणि काम मागितलं लगेच ६ तारखेपासून चौदा दिवस, तर पंधरा दिवस होईपर्यंत मुदतच संपते. त्यापेक्षा २२ जानेवारी ते ४ फेब्रुवारी असं लिहा. अर्जाला पंधरा दिवस झालेले असतात आणि चौदा दिवस पुढे शिल्लक असतात.

आता हिशोब. २०२४-२५ ला महाराष्ट्राची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. पाव हिस्सा ७४ रुपये २५ पैसे. चौदा दिवसांचे १,०३९ रुपये ५० पैसे. मोठी रक्कम नाही, खरं आहे. पण जानेवारी-फेब्रुवारीत कापूस वेचून झालेला असतो, हाताला काही नसतं, तेव्हा हजार रुपयांत महिन्याचं तेलमीठ निघतं. आणि माझा अनुभव असा की भत्त्याचा अर्ज तालुक्याला पोहोचला की काम लवकर निघतं! देय झाल्यापासून पंधरा दिवसांत भत्ता द्यायचा असतो. देता येत नसेल तर कार्यक्रम अधिकाऱ्यांनी जिल्ह्याला कळवून त्याचं कारण नोटीस बोर्डावर लावायचं असतं, आपल्या ग्रामपंचायतीच्या बोर्डावरसुद्धा. ते लावलंय का, हे विचारायला लाजू नका. मजुरी उशिरा मिळाल्याची भरपाई मात्र वेगळी. तो अर्ज यात मिसळू नका.

कधी उत्तर येतं, "काम दिलं होतं, तुम्ही आला नाहीत." हे खरं असेल तर भत्ता जातो. दिलेलं काम नाकारलं, कळवल्यापासून पंधरा दिवसांत हजर झालं नाही, किंवा विनापरवानगी सलग आठवड्यापेक्षा जास्त गैरहजर राहिलं, तर तीन महिने भत्ता मागता येत नाही. (काम मात्र तेव्हाही मागता येतं.) पण काम दिल्याचं जॉबकार्डावरच्या पत्त्यावर लेखी कळवायचं असतं, पंचायतीत नोटीसही लावायची असते. तेव्हा शांतपणे म्हणायचं, "पत्राची प्रत दाखवा." काम पाच किलोमीटरच्या पलीकडे दिलं असेल तर ते कारण सांगून टाळू नका. त्याला दहा टक्के जादा मजुरी आहे, ती मागा.

शंभर दिवस घराचे मिळून मोजतात हेही लक्षात असू द्या. सासू, सून, मुलगा एकाच जॉबकार्डावर असतील तर सगळ्यांचे दिवस एकत्र धरले जातात. जॉबकार्डातलं नाव वगळलेलं नाही ना आणि बँक खात्याला आधार जोडलेलं आहे ना, हे मागणीच्या आधीच बघून घ्या. मंजूर झालेला पैसा तिथे अडकला की कुणाकडे बोट दाखवायचं तेच कळत नाही.

इतकं करूनही काही हाललं नाही तर कार्यक्रम अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या. तिचा निपटारा सात दिवसांत करायचा असतो. त्यानंतर जिल्हाधिकारी कार्यालय आणि जिल्ह्याचे लोकपाल आहेत. कागद दाखवत नसतील तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा, दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तेही लागत नाहीत. तोंडी भांडण मात्र टाळा. भांडण विसरलं जातं आणि नंतर पुरावा म्हणून काहीच हातात राहत नाही.

आता वही-पेन घ्या. भत्त्याचा अर्ज सावकाश सांगते.

"प्रति, कार्यक्रम अधिकारी, रोजगार हमी योजना, तहसील कार्यालय. मी अमुक, राहणार अमुक, जॉबकार्ड क्रमांक अमुक. मी दिनांक अमुक रोजी दिनांक अमुक ते अमुक या काळासाठी कामाची मागणी केली. पोच सोबत जोडली आहे. पंधरा दिवस होऊनही मला काम मिळाले नाही व काम दिल्याचे लेखी पत्रही आले नाही. तरी कायद्याच्या कलम ७ प्रमाणे मला बेरोजगार भत्ता माझ्या खात्यावर जमा करावा." खाली सही किंवा अंगठा, तारीख, खाते क्रमांक.

दोन प्रती करा. पोचेची झेरॉक्स जोडा, मूळ पोच घरी ठेवा. दुसऱ्या प्रतीवर तहसीलच्या आवक विभागाचा शिक्का आणि आवक क्रमांक घ्या, आणि तो क्रमांक त्याच दिवशी गटाच्या इतिवृत्त वहीत लिहून ठेवा.