सेनापतीचे कर्तव्य

सेनापती म्हटला की हाती शस्त्र घेऊन शत्रूवर तुटून पडणारा वीर आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. हे चित्र खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. लढणे हे सेनापतीचे कर्तव्य आहेच. पण प्रसंगी शस्त्र आवरणे आणि कटू असले तरी सत्य सांगणे हीदेखील त्याचीच कर्तव्ये होत. लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात यांच्या चरित्रात या तिन्ही कर्तव्यांचे दर्शन घडते.

शंकररावांचा जन्म १९०६ साली त्या वेळच्या कोल्हापूर संस्थानातील वडगाव येथे झाला. तेव्हा देशावर इंग्रजांचे राज्य होते आणि सैन्यातील वरिष्ठ जागा बहुतेक इंग्रजांनाच मिळत. इंग्लंडमधील सँडहर्स्ट येथील लष्करी विद्यालयात फार थोड्या भारतीय तरुणांना प्रवेश मिळे. शंकररावांनी तो मिळवला आणि १९२६ साली ते अधिकारी झाले. भारतीय माणूस हुकूम पाळील, पण त्याला हुकूम देता येईल काय, अशी शंका इंग्रज त्या काळी घेत असत.

या शंकेचे उत्तर दुसऱ्या महायुद्धात मिळाले. १९४५ च्या जानेवारीत ब्रह्मदेशातील आराकान किनाऱ्याजवळ, कांगाव येथे, माघार घेणाऱ्या जपानी सैन्याची वाट रोखायची होती. तेथे लढणाऱ्या एका ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे नायक भारतीय होते : थोरात, थिमय्या आणि सेन. थोरातांच्या पंजाबी पलटणीने जपान्यांनी बळकावलेल्या टेकडीवर चढाई केली. लढाई हातघाईवर आली. कित्येक जवान धारातीर्थी पडले. पण टेकडी हाती आली. तिन्ही नायकांना ‘डी. एस. ओ.’ हे मानाचे पदक देण्यात आले.

पुढे देश स्वतंत्र झाला आणि थोरात मेजर जनरलच्या पदाला पोहोचले. १९५३ साली त्यांच्यावर एक आगळी कामगिरी आली. कोरियातील युद्ध नुकतेच थांबले होते. पण बावीस हजारांहून अधिक चिनी व उत्तर कोरियन युद्धकैदी मायदेशी परतण्यास तयार नव्हते. त्यांचा निर्णय होईपर्यंत त्यांना सांभाळण्याचे काम भारताने पत्करले. थोरात भारतीय संरक्षक दलाचे प्रमुख झाले. या दलाने दक्षिण कोरियाच्या भूमीवर पाऊल ठेवू नये, असा तेथील सरकारचा हट्ट होता. म्हणून जवानांना जहाजांवरून हेलिकॉप्टरने थेट दोन्ही सैन्यांमधील मोकळ्या पट्ट्यात उतरवावे लागले. तेथील आपल्या छावणीला ‘हिंदनगर’ हे नाव मिळाले.

कैदी संशयाने पेटलेले होते. सप्टेंबरात त्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला आपल्या तळात ओढून नेले. गोळीबार केला असता, तर तो अधिकारी आणि शेकडो कैदी प्राणास मुकले असते. काहीच केले नसते, तर शिस्त उरली नसती. अशा वेळी थोरात स्वतः त्या खवळलेल्या जमावात गेले. त्यांनी शांतपणे बोलून कैद्यांचा राग निवविला आणि आपला अधिकारी सोडवून आणला. कांगावच्या टेकडीवर लागले, त्याहून हे धैर्य कमी होते, असे कोण म्हणेल? त्यांच्या या कामगिरीचा पुढे कीर्तिचक्राने गौरव झाला.

१९५७ ते १९६१ या काळात थोरात पूर्व विभागाचे सरसेनापती होते. ईशान्य सीमेवर चीनचे संकट वाढत आहे, हे त्यांनी ओळखले. किती सैन्य हवे, रस्ते कोठे हवेत, कोणत्या जागी शत्रूला अडवावे, याचा आराखडा त्यांनी १९५९ साली वरिष्ठांना धाडला. पुढल्या वर्षी लखनौ येथे त्यांनी ‘लाल किल्ला’ नावाचा युद्धाभ्यासही घेतला. परंतु त्यांच्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष झाले. १९६२ च्या ऑक्टोबरात चीनने आक्रमण केले आणि थोरातांचे भय खरे ठरले. अपुऱ्या साधनांनिशी, कडाक्याच्या थंडीत लढणाऱ्या जवानांना त्याची किंमत मोजावी लागली.

निवृत्तीनंतर थोरातांनी महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्षपद भूषविले. १९९२ साली ते निवर्तले. त्यांच्या इंग्रजी आत्मचरित्राच्या नावात पहाटेचा आणि सायंकाळचा, असे छावणीतील दोन बिगुल आहेत. पहिल्या बिगुलाने सैनिक जागा होतो. दुसऱ्याने दिवसाचे काम संपते. या दोहोंमधील वेळ कर्तव्याला वाहिलेला असावा, हेच थोरातांच्या जीवनाचे सार होय.

स्वाध्याय
१. कोरियात थोरातांनी गोळीबार का टाळला?
२. ऐकणारा नसतानाही सत्य सांगणे आवश्यक असते काय? तुमचे मत सकारण लिहा.
३. वाक्यांत उपयोग करा : धारातीर्थी पडणे, हातघाईवर येणे, प्राणास मुकणे.