कपाशी म्हण, तूर राहू दे

15 ऑगस्ट 2021पासून राज्यभर पिकाची नोंद शेतकऱ्यानं स्वतः मोबाईलवर करायची, असं ठरलं; हीच ई-पीक पाहणी. तोवर गाव नमुना 12, म्हणजे पिकांची नोंदवही, तलाठी भरायचा. वैजापूर तालुक्यात कुणालाही विचारा, "ई-पीक पाहणी करता का?" उत्तर ठरलेलं, "करतो ना." प्रश्नावली घेऊन आलेला माणूस खूण करून पुढच्या घरी जातो. एथ्नोग्राफी, म्हणजे लोकांसोबत राहून निरीक्षण, करणारा मात्र तिथंच रेंगाळतो नि विचारतो, "शेतात जाल तेव्हा मीही येऊ का?"

2022च्या खरिपातला एक बांध. खातं नानांचं, मोबाईल पुतण्याचा. त्याच्या फोनवर आणखी चार घरांची खाती आहेत. यात चोरी काही नाही, एका मोबाईलवरून 20 खातेदारांची नोंद करायची सोय ॲपमध्येच होती. कपाशीत दर सहा ओळींनंतर तुरीची एक ओळ. पुतण्या विचारतो, "नाना, तूर किती आर टाकू?" गुंठा आणि आर जवळपास सारखेच, तेवढा हिशोब इथं सगळ्यांना येतो. पण तूर गुंठ्यानं पेरलेलीच नाही, ओळीनं पेरलीय. नाना शेतावर एक नजर टाकतात. "कपाशी म्हण. तूर राहू दे." मिश्र पिकाचा पर्याय स्क्रीनवर असतो, त्याला कुणी हात लावत नाही. फोटो निघतो, तोही कपाशीचाच.

माझ्या वहीत डाव्या पानावर घडलेलं आणि बोललेलं जसंच्या तसं, उजव्या पानावर मला वाटलेलं. "शेतकऱ्याला ॲप कळत नाही" हे वाक्य उजवीकडं फार पटकन उतरतं. अहवालांमध्ये ते डावीकडं गेलेलं मी पुष्कळदा पाहिलंय.

एथ्नोग्राफर ज्युलियन ऑर झेरॉक्स मशीन दुरुस्त करणाऱ्यांबरोबर असाच हिंडला. बिघाड हुडकताना ते कंपनीच्या पुस्तिकेपेक्षा एकमेकांना सांगितलेल्या किश्श्यांवर जास्त विसंबतात, असं त्यानं 1996च्या पुस्तकात मांडलं. आपल्याकडं वारणेत 1998 साली गावोगाव संगणक बसवले, शेतकऱ्याला जगाची माहिती मिळावी म्हणून. मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या मंडळींनी जवळून पाहिलं, तर त्यावर मुख्यतः ऊस आणि खताच्या नोंदी चालत. मग त्यांनी सात गावांत तेच काम एसएमएसवर करून दाखवलं.

नानांना कारण मी लगेच विचारलं नाही. चहाच्या वेळी ते आपणहून बोलले, "इमा कपाशीचा काढलाय. कागद जुळला पाहिजे." म्हणजे ॲप त्यांना नीट कळलं होतं. त्यांच्या लेखी ती पिकाची पाहणी नव्हतीच, विम्याच्या कागदाची तयारी होती.

अशा नोंदींपैकी 10 टक्के तेव्हा तलाठी तपासायचे. नानांच्या जमिनीचा गट त्यात आला, तर त्या दिवशी तलाठ्यांच्या मागं चालायचं, असं मी ठरवलं. तूर त्यांना दिसेलच, ती लिहितात का ते पाहायचं होतं.