घरातला उजेड: दिवे किती ते नंतर, आधी सावली कुठे पडते ते बघा

आजचा विषय आहे घरातला उजेड. जळगाव-धुळ्याकडे तुमच्यापैकी कुणाच्या घरी बांधकाम चालू असेल, कुणी फ्लॅट बुक केला असेल. टाइल्स ठरतात, फर्निचर ठरतं. आणि लाईटचे पॉईंट? वायरमन भिंतीत झिऱ्या मारायला येतो, तेव्हा तिथल्या तिथे! मग प्लास्टर होतं आणि पुढची दहा वर्षं आई स्वतःच्याच सावलीत भाजी चिरते. म्हणून हा हिशोब आधी करायचा.

१. सुरुवात सूर्यापासून

जळगाव आणि धुळे दोन्ही साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर. मेअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावर किंवा किंचित उत्तरेला असतो. त्यामुळे तेव्हा दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत येत नाही. डिसेंबरात मात्र तिथूनच छान ऊन मिळतं.

खरा त्रास पश्चिमेचा. पारा ४४-४५ वर असताना संध्याकाळचं तिरपं ऊन छज्जाखालून थेट आत घुसतं. ते काचेच्या बाहेरच अडवा: चिक, जाळी किंवा झाड. आतला पडदा ऊन थांबवतो, पण तोवर उष्णता घरात आलेली असते. अभ्यासाचं टेबल जमलं तर उत्तरेच्या खिडकीपाशी ठेवा.

आपली जुनी धाब्याची घरं आठवा. मातीच्या जाड भिंती, लहान खिडक्या, छतातून उजेडाला एक वाट. उजेड आत, ऊन बाहेर!

२. वॅट नाही, ल्युमेन वाचा

वॅट म्हणजे वीज किती लागते, ल्युमेन म्हणजे उजेड किती मिळतो. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब साधारण ७००-८०० ल्युमेन द्यायचा. आज ९ वॅटचा एलईडी ९०० च्या आसपास देतो.

आता १० बाय १० ची खोली घ्या, म्हणजे सुमारे ९.३ चौरस मीटर. ९०० ल्युमेन सगळीकडे सारखे पसरले तरी दर चौरस मीटरला १०० सुद्धा येत नाहीत. यालाच लक्स म्हणतात. वाचायला, लिहायला साधारण ३०० लक्स लागतात. मग छताला तीन-चार बल्ब लावायचे? नको! दिवा जवळ आणा. अंतर निम्मं केलं की उजेड जवळपास चौपट होतो. म्हणून एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्याला पीओपीतल्या आठ दिव्यांपेक्षा एक टेबल लॅम्प जास्त कामाचा.

३. दिवा कामापाशी

- ओटा: वरच्या कपाटाखाली, पुढच्या कडेला एलईडी पट्टी.
- आरसा: दोन्ही बाजूंना दिवा. फक्त वरून असेल तर डोळ्यांखाली सावली पडते.
- जिना आणि बाथरूमची वाट: रात्री आजी-आजोबांसाठी छोटा दिवा.
- रंग: बैठक, बेडरूमला २७००-३००० केल्विन; ओटा, अभ्यासाला ४०००.
- इन्व्हर्टर: कोणते पॉईंट त्यावर हवेत, ते वायरिंगच्या आधीच सांगा.

आज रात्री एक काम करा. ओट्यापाशी, टेबलापाशी, आरशासमोर उभे राहा आणि सावली कुठे पडते ते बघा. तिथे खडूने खूण करा. नवं घर असेल तर हीच यादी वायरमनच्या हातात द्या.

भाग आवडला तर घरच्या ग्रुपवर टाका. भेटू पुढच्या भागात!