ऑपेरा हाउसचा जीर्णोद्धार

मुंबईंत चर्नी रोड स्थानकाजवळच्या वस्तीला ‘ऑपेरा हाउस’ म्हणतात. ज्या नाट्यगृहावरून हें नांव पडलें, तें १९९३ सालीं बंद झालें. पुढें तेवीस वर्षें लोक पत्ता सांगतांना त्या वास्तूचें नांव रोज घेत. आंत मात्र नाटक नव्हतें कीं प्रेक्षक नव्हते.

मॉरिस बँडमन व जहांगीर फ्रामजी कराका यांनीं हें ‘रॉयल ऑपेरा हाउस’ उभारलें. बांधकाम पुरें होण्यापूर्वींच, १९११ सालीं, पांचवे जॉर्ज बादशहा यांच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें. हेतु विलायती संगीतनाटकांचा होता. पण पुढें याच रंगभूमीवर बालगंधर्व गायले, दीनानाथ मंगेशकर गायले, पृथ्वीराज कपूर यांच्या मंडळीचे खेळ झाले. श्रोत्यांपैकीं ज्यांच्या घरीं आजोबांनीं पाहिलेल्या नाटकांच्या गोष्टी अजून निघतात, त्यांना या नांवांचें मोल सांगावयास नको.

ध्वनिवर्धक नव्हता त्या काळीं नटाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोंचविण्याचें निम्मे काम वास्तूलाच करावें लागे. येथील छताची घडण मुद्दाम अशी केली होती कीं, वर गॅलरींत स्वस्त तिकिटावर बसलेल्यालाही शब्द न्‌ शब्द ऐकूं यावा. या छतानें गरीब रसिकाचा मान राखला, असें म्हणण्यास हरकत नाहीं! बोलपटांचे दिवस आले आणि या कौशल्याची गरज संपली. पडदा लागला, बाजूचे शोभिवंत बॉक्स गेले.

१९५२ पासून ही वास्तु गोंडळच्या राजघराण्याकडे आहे. त्यांच्या वतीनें वास्तुशिल्पकार आभा नारायण लांबा यांनीं जीर्णोद्धाराचें काम पाहिलें. जुन्या छायाचित्रांच्या आधारानें गेलेले बॉक्स पुन्हां उभे केले. युनेस्कोनें २०१७ सालीं या कामाचा गौरव केला, तो योग्यच होय. पण नक्षी व झुंबरें यांहून महत्त्वाचें हें कीं, वास्तूचें संग्रहालय केलें नाहीं. ती पुन्हां प्रयोगांसाठीं दिली. आसनें ५७५. धंद्याच्या हिशेबानें हा आंकडा लहान, पण उघड्या गळ्यानें गाणाऱ्याला तो सोयीचा. शेजारच्या वस्तीला संध्याकाळीं एकत्र बसून ऐकण्याची जागा पुन्हां मिळाली, ती अशी.

ऑक्टोबर २०१६ मध्यें दारें उघडलीं, तेव्हां मुंबईंतच जन्मलेल्या गायिका पॅट्रिशिया रोझारियो तेथें गायल्या. त्यांचें गायन ऑपेराचें, म्हणजे ज्या कलेसाठीं हें छत मुळांत घडविलें होतें तिचेंच.