दुरेसचा धक्का

आल्बेनियातील दुरेस बंदर पाहून आलेले प्रवासी बहुधा दोन गोष्टी सांगतात : आड्रियाटिकचा किनारा आणि रोमनांचा दगडी आखाडा. वर्णन खोटे नव्हे. शहर इ. स. पूर्व सातव्या शतकात ग्रीकांनी वसविलेले. दुसऱ्या शतकातला तो आखाडा घरांखाली गाडला गेला होता; १९६६ साली तो सापडला. सिसेरोने हद्दपारीचे काही महिने येथेच काढले, पण त्याचे सारे लक्ष रोमकडे!

आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांचे डोळे मात्र धक्क्याकडे वळतात. कम्युनिस्ट राजवटीत विनापरवाना देश सोडणे हा तेथे मोठा गुन्हा होता. १९९१ च्या मे-जूनमध्ये स्वतंत्र कामगार संघटनांनी सार्वत्रिक संप केला व सरकार पायउतार झाले. संप जिंकला खरा. पण कारखाने बंद पडत होते, धान्याची टंचाई होती. जिंकलेल्या संपाने चूल पेटतेच असे नाही, हे आम्ही जाणतो. ऑगस्टमध्ये क्यूबाची साखर घेऊन आलेल्या 'व्लोरा' बोटीवर याच धक्क्यावरून सुमारे २०,००० माणसे चढली आणि इटलीतल्या बारीला पोचली. तेथे त्यांतल्या हजारोंना खेळाच्या मैदानात कोंडले, आणि बहुतेकांना परत धाडले.