भाजल्यावर आधी पाणी, बाकी सारे मग



मोहफुलांचा हंगाम आला की चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात आगीही लागू लागतात. फुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवायची आपली जुनी सवय. मार्च-एप्रिलात पाला कडकडीत वाळलेला असतो. वाऱ्याची एक झुळूक आली की जाळ थेट लुगड्याच्या काठाला. तेव्हा पाला पेटवू नका, खराट्याने झाडून घ्या. खाली जुनी साडी किंवा जाळी अंथरली तर फुलांना माती लागत नाही, वेचायचे कष्टही वाचतात. आगीजवळ काम असेल तर नायलॉनचे कपडे नकोत, सुतीच घाला.

अंगावरचे कापड पेटलेच तर पळू नका; पळाल्याने जाळ भडकतो. जमिनीवर लोळा. दुसऱ्याने जाड सुती चादर किंवा घोंगडी टाकून जाळ दाबावा.

मग लगेच पाणी! भाजलेल्या जागी साधे, स्वच्छ, थंड पाणी पुरी २० मिनिटे ओता. दोन तांबे ओतून भागत नाही. आग विझली तरी कातडीत शिरलेली उष्णता आतले थर भाजतच राहते. पाणी ती काढून घेते. उशीर झाला तरी तीन तासांच्या आत पाण्याचा उपयोग होतो.

रानात एवढे पाणी कुठले, असे तुम्ही म्हणाल. खरे आहे. म्हणून पिण्याच्या पाण्याशिवाय एक कॅन जादा न्या. पाणी कमी असेल तर ओले फडके ठेवा आणि पुनःपुन्हा भिजवा. बर्फ मात्र लावू नका.

सूज चढण्याआधी बांगड्या, अंगठ्या, जोडवी काढा. चिकटलेले कापड ओढू नका, फोड फोडू नका. हळद, शाई, टूथपेस्ट, राख यांतले काही लावू नका. शेण तर मुळीच नको, त्यात धनुर्वाताचे जंतू असतात. स्वच्छ धुतलेल्या सुती कापडाने जखम सैल झाका.

बिब्ब्याच्या तेलानेही कातडी भाजल्यासारखी होते, फोड येतात. बिब्बे फोडताना हातमोजे घाला. तेल लागले तर ताबडतोब साबण व भरपूर पाण्याने धुवा. भेगांवर किंवा जखमेवर बिब्बा लावायची रीत सोडून द्या.

घरात जास्त धोका लेकरांना. उकळती आंबील, गरम पाणी त्यांच्या हाती लागेल असे ठेवू नका. मिरगी येणाऱ्या माणसाला चुलीजवळ, शेकोटीजवळ एकटे बसू देऊ नका. झटका आला की तो आगीतच पडतो.

तोंड, हात, पाय, सांधे किंवा गुप्तांग भाजले असेल, कातडी पांढरी अथवा काळी पडली असेल, किंवा रोग्याच्या तळहाताहून मोठी जागा भाजली असेल, तर घरी थांबू नका. लेकरू असेल तर थोडक्यावरही दवाखाना गाठा. १०८ वर फोन करा. गावात गाडी पोचत नसेल तर बाजेवर घालून सडकेपर्यंत आणा, अंगावर कोरडे पांघरूण असू द्या. धनुर्वाताच्या इंजेक्शनचे दवाखान्यात स्वतःहून विचारा.