घंगाळाचें तैलचित्र

घरांतील एखाद्या मुलीस चित्रें काढण्याचा नाद असला, तर आपण सुशिक्षित मंडळी काय करतों? तिला इंटरमीजिएट ग्रेडच्या परीक्षेस बसवितों, आणि दहावीच्या निकालांत वाढीव गुण पदरीं पडले कीं रंगांची पेटी माळ्यावर टाकतों. त्या परीक्षेंत ‘स्थिरचित्र’ असा एक विषय आहे. भांडें, फळें, कापड अशा निश्चल वस्तु समोर मांडून त्या जशा दिसतात तशा रंगवावयाच्या. १८५७ सालीं मुंबईस निघालेल्या जे. जे. कलाशाळेनें जी यथार्थदर्शी पद्धति आपल्याकडे रुजविली, तिचाच हा धडा.

शेलूबाजार येथील आमच्या घरीं थोरल्या बंधूंच्या नातीनें ही पेटी माळ्यावर जाऊं दिली नाहीं. यंदा पितृपक्षांत तिनें तैलरंगांचा हट्ट धरला, आणि विषय निवडला तो न्हाणीघरांतील तांब्याच्या घंगाळाचा. गीझर बसल्यापासून तें घंगाळ रिकामेंच होतें. दिवाळीपूर्वीं तें मोडींत द्यावयाचें ठरलें होतें.

रंग अकोल्याहून आणविले. तेलाची जबाबदारी मात्र आम्हीं आपण होऊन पत्करली. तैलरंग म्हणजे रंगाची पूड मुख्यतः जवसाच्या तेलांत खललेली. आणि जवस तर आपल्या वऱ्हाडचें रब्बीचें पीक, घरोघरच्या चटणीचें! हें तेल पाण्याप्रमाणें उडून जाऊन वाळत नाहीं. हवेंतील प्राणवायु शोषून तें स्वतःच घट्ट होतें व रंगास धरून ठेवतें. खोबरेलास हा गुण नाहीं. बामियानच्या बौद्ध लेण्यांतील सातव्या शतकाच्या सुमारास काढलेल्या चित्रांतही वाळणारें तेल सांपडल्याचें संशोधकांनीं २००८ सालीं दाखविलें, म्हणजे युरोपांत यान व्हान आइक यानें ही कला पूर्णत्वास नेण्याच्या कितीतरी आधीं. हें सर्व आम्हीं मुलीस मोठ्या अभिमानानें सांगितलें आणि घाण्यावरचें ताजें तेल आणून दिलें. तें कच्चें, गाळ न काढलेलें. पहिला थर आठवडाभर चिकट राहिला व त्यावर चिलटें बसलीं. शेवटीं शुद्ध केलेल्या तेलाची बाटली विकत आणावी लागली. खालचा थर टर्पेंटाइननें पातळ करावा, वरच्या थरांत तेल अधिक असावें, हा नियमही तिनेंच आम्हांस शिकविला. उलट केल्यास वरचा थर आधीं वाळतो, खालचा मागाहून हलतो आणि चित्रास भेगा पडतात.

पडवीच्या खिडकीशीं हिरव्या लुगड्याचा तुकडा पसरून त्यावर घंगाळ मांडलें, शेजारीं दोन लिंबें. आम्ही मागें बसून पाहत असूं. तांबें तांबडें, हें आपणांस लहानपणापासून ठाऊक. पण तिच्या पटावर तांबडा रंग फारच थोडा! घंगाळाच्या पोटावर खिडकींतील आभाळाचा निळसर चौकोन, बुडाशीं लुगड्याची हिरवी झांक, लिंबांजवळ किंचित् पिवळेपणा. आम्हीं हटकलें, तेव्हां ती म्हणाली, “आजोबा, नांव विसरून बघा.” यशोधराच्या ‘जयमंगला’ टीकेंत चित्राचीं सहा अंगें सांगितलीं आहेत, त्यांतील ‘सादृश्य’ आणि ‘वर्णिकाभंग’ हे शब्द आम्हांस चाळीस वर्षें पाठ होते, त्यांचा अर्थ त्या दिवशीं दिसला. फ्रान्समधील शार्दां (१६९९–१७७९) या चित्रकारानें स्वैपाकघरांतील पाण्याचें तांब्याचें भांडें असेंच रंगविलें आहे, आणि तें चित्र आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयांत आहे.

नवरात्रांत अनर्थ झाला. घट बसावयाचे म्हणून वहिनींनीं घरांतील सर्व भांडीं चिंच लावून घासलीं, त्यांत हेंही घासलें. मळलेल्या तांब्यावर उजेड सौम्यपणें पसरतो. घासलेल्यावर तो एकाच ठिकाणीं गोळा होऊन डोळ्यांत भरतो. आठ दिवसांचें काम फुकट गेलें. मुलगी रडली, परंतु तांबें पुन्हां मळेपर्यंत थांबण्यास वेळ कोठें होता? तिनें पात्यानें वरचा रंग खरवडला आणि लखलखीत घंगाळ नव्यानें काढावयास घेतलें.

चित्र पुरें झालें तेव्हां सर्वांनीं वाखाणलें. वहिनी मात्र बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, “अगं, कडीखालचा पोचा कुठें गेला?”

“बरा दिसत नव्हता म्हणून सोडला, आजी.”

“घासतांना रोज हाताला लागायचा तो. सासूबाईंच्या हातून आडावर आपटलं होतं.”

मोडवाल्यास सोमवारीं बोलाविलें होतें. शनिवारीं सकाळीं ती पुन्हां पट घेऊन खिडकीशीं बसली, आणि वहिनी निवडावयाचे तांदूळ घेऊन शेजारीं जाऊन बसल्या.